एक पत्ता, अनेक बिऱ्हाडं

जुन्या नाशकातल्या वाड्यांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही की घराचा नंबर वाड्याला असायचा, बिऱ्हाडाला नसायचा. तिवंध्यावर किंवा भद्रकालीत एकेका वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडं राहायची, पण पत्रावर लिहायचा घर क्रमांक एकच. पोस्टमन दिंडीदरवाजात उभा राहून नाव पुकारायचा आणि ओट्यावर बसलेलं कुणीतरी ‘आण इकडे, मी देते’ म्हणून पत्र हातात घ्यायचं. खोल्या वेगळ्या, चुली वेगळ्या, अबोलेही वेगळे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मात्र सगळे एकाच दारातले.

इंटरनेटच्या यंत्रणेत या धर्तीची एक व्यवस्था आहे. तिला ‘व्हीलॅन ॲग्रिगेशन’ म्हणतात. काही कंपन्यांच्या यंत्रांत तीच ‘सुपर-व्हीलॅन’ या नावानं भेटते. नाशिकमधल्या छोट्या इंटरनेट पुरवठादारांची जाळी बसवणं आणि बिघडली की दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे ही व्यवस्था मला रोजच्या कामात लागते. ती वरवर निव्वळ तांत्रिक वाटते. पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे अपुरे पत्ते अनेकांत कसे वाटायचे आणि तरीही कुठला पत्ता नेमका कुणाचा हे खात्रीनं कसं सांगायचं, हा कुणाच्याही दारात येऊन उभा राहू शकतो. शहरातल्या एका व्यापारी संकुलात तो एका कापड दुकानदाराच्या दारात आला. सायबर पोलिसांकडून विचारणा झाली की अमुक तारखेला रात्री साडेअकराच्या पुढे अमुक पत्त्यावरून एक व्यवहार झाला आहे, हा पत्ता कुणाचा? पुरवठादाराच्या वहीत तो पत्ता या दुकानदाराच्या नावावर होता. दुकानदाराचं म्हणणं सरळ होतं. ‘नऊला शटर पडतं. जाताना मेन स्विच बंद करतो. मग माझ्या नावावर हे कोण करतंय?’

त्याच्या प्रश्नाचं उत्तर समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. एक लांबलचक केबल आणि तिला जोडलेले सगळे संगणक, अशी ती रचना होती. एकानं बोललेलं सगळ्यांच्या कानावर जायचं. ज्याच्यासाठी असेल त्यानं घ्यायचं, बाकीच्यांनी सोडून द्यायचं. पुढे केबलच्या जागी स्विच आला. हा भिंतीवरचा दिवे लावायचा स्विच नव्हे. पिझ्झाच्या खोक्याएवढी एक चपटी पेटी, पुढे ओळीनं खाचा, त्यांना पोर्ट म्हणतात. कुठल्या पोर्टवर कुठलं यंत्र आहे हे स्विच पाहून पाहून शिकतो आणि निरोप नेमक्या पोर्टवर पाठवतो. त्यामुळे गोंगाट कमी झाला, पण पूर्ण थांबला नाही. काही निरोप मुळातच सगळ्यांना उद्देशून असतात. त्यांना ब्रॉडकास्ट म्हणतात, आणि आपण त्याला दवंडी म्हणू.

सर्वांत नेहमीची दवंडी एआरपीची. डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये तिचा नियम लिहिला. प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात. एक कारखान्यात मिळालेला क्रमांक, ज्याला मॅक पत्ता म्हणतात. दुसरा आयपी पत्ता, जो आपण देतो आणि बदलूही शकतो. शेजारच्या यंत्राला निरोप द्यायचा तर आधी दवंडी पिटावी लागते, ‘हा आयपी पत्ता ज्याचा असेल त्यानं आपला मॅक सांगावा.’ ज्याचा असेल तो उत्तर देतो. तो खरंच त्याचा आहे का, हे कुणीही तपासत नाही. १९८२ साली जाळ्यातले सगळे एकमेकांच्या ओळखीचे होते, त्यामुळे हा विश्वास चालून गेला. चाळीस वर्षांनंतरही नियम तोच आहे, जाळ्यातली माणसं मात्र एकमेकांना ओळखत नाहीत.

एका संकुलातल्या सगळ्या दुकानांना एकाच स्विचवर असं उघडं जोडलं की काय होतं, ते मी अनेकदा पाहिलं आहे. चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयातलं, सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं फोल्डर वरच्या मजल्यावरच्या क्लासच्या संगणकावर दिसतं. त्यात लोकांची आयकर विवरणपत्रं असतात. कुणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणून उलट्या बाजूनं खोचतो, तो राउटर आपणच पुरवठादार असल्याच्या थाटात सगळ्या इमारतीला खोटे पत्ते वाटू लागतो आणि अर्ध्या इमारतीचं इंटरनेट बंद पडतं. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. भिंती नसलेल्या वाड्यात दुसरं काय होणार?

भिंत घालण्याचा उपाय म्हणजे व्हीलॅन. ही कल्पना १९८०च्या दशकात बेलकोर कंपनीतल्या डेव्हिड सिन्कॉस्की यांनी पुढे आणली आणि १९९८ मध्ये तिचं प्रमाणपत्रक निघालं. निरोपाच्या लिफाफ्यावर चार बाइटची एक चिठ्ठी डकवायची, तिच्यावर गटाचा क्रमांक लिहायचा, आणि स्विचनं एका गटाची दवंडी दुसऱ्या गटात जाऊ द्यायची नाही. पेटी एकच, पण आत जणू अनेक पेट्या. गटाच्या क्रमांकासाठी बारा बिट ठेवलेले आहेत, म्हणून एकूण ४,०९६ क्रमांक; त्यातले पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४,०९४. एका इमारतीला ते भरपूर होतात.

मग प्रत्येक दुकानाला स्वतंत्र व्हीलॅन दिला की झालं, असं वाटेल. इथेच पत्त्यांचा हिशेब आडवा येतो.

आज बहुतेक ठिकाणी चालणारा आयपी पत्ता ३२ बिटांचा आहे. त्याचं अधिकृत टिपण सप्टेंबर १९८१चं. ३२ बिटांत ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात. तेव्हा हा आकडा अफाट वाटला असणार, कारण वाटपही तसंच सढळ हातानं झालं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका संस्थेला १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते मिळाले होते. त्यांतले बरेचसे वापरातच नव्हते, आणि २०१७ मध्ये संस्थेनं मोठा हिस्सा विकायला काढला. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगममार्फत. पंगत बसून बराच वेळ झाल्यावर आपण पोचलो. जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ला वाटले गेले. आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या शेवटच्या गठ्ठ्याला लागली, आणि तिथून पुढे त्या गठ्ठ्यातून एका सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते असं रेशनिंग सुरू झालं. २०१९ मध्ये ती मर्यादा ५१२ झाली. नाशिकसारख्या एका दूरसंचार क्षेत्रापुरता, म्हणजे ‘क’ वर्गाचा, परवाना घेऊन धंदा सुरू करणाऱ्या केबलवाल्याच्या वाट्याला येणारी शिदोरी एवढीच. आणखी हवे असतील तर बाजारातून विकत घ्यायचे, आणि तो भाव डॉलरमध्ये असतो.

घरगुती ग्राहकाला स्वतंत्र जाहीर पत्ता लागत नाही. शेकडो घरं एका पत्त्यामागे लपवता येतात. पण दुकानाच्या कॅमेऱ्यांचं चित्र घरून पाहायचं असेल, हिशेबाचा सर्व्हर बाहेरून उघडायचा असेल, बँकेनं ‘ठरावीक पत्त्यावरूनच या’ अशी अट घातली असेल, तर कायमचा पत्ता द्यावा लागतो. व्यापारी संकुलात असे ग्राहक जास्त.

आता आकडेमोड. मी म्हणतो त्या संकुलात २४ जोडण्या होत्या. १८ जणांना प्रत्येकी एक पत्ता हवा होता, चौघांना प्रत्येकी तीन, दोघांना प्रत्येकी पाच. एकूण चाळीस. स्वतंत्र व्हीलॅन म्हणजे प्रत्येकाला पत्त्यांचा स्वतंत्र तुकडा, आणि प्रत्येक तुकड्यात तीन पत्ते वाया जातात. पहिला पत्ता तुकड्याच्या नावासाठी, शेवटचा दवंडीसाठी आणि एक गेटवेसाठी, म्हणजे बाहेर पडण्याच्या दारासाठी. शिवाय तुकडे मनाजोगते पाडता येत नाहीत. चार, आठ, सोळा असे दुपटीतच पडतात. एक पत्ता हवा असणाऱ्याला एक अधिक तीन, म्हणजे चारांचा तुकडा. तीन हवे असणाऱ्याला सहा लागतात, पण मिळतो आठांचा. पाच हवे असणाऱ्यालाही आठांचा. अठरा चोक बहात्तर, चार आठे बत्तीस, दोन आठे सोळा. बेरीज १२०, म्हणजे १२८चा गठ्ठा एकट्या इमारतीत संपला. चाळीस पत्त्यांच्या गरजेसाठी! ज्याच्याकडे सगळे मिळून ५१२ आहेत, त्यानं अशा चार इमारती केल्या की दुकान बंद.

त्यातून पाच पत्तेवाल्यानं आणखी एक मागितला, तर सहा अधिक तीन नऊ, आणि नऊ आठांत मावत नाहीत. त्याला सोळांचा नवा तुकडा द्यायचा, म्हणजे त्याच्या प्रत्येक कॅमेऱ्याचा, सर्व्हरचा पत्ता बदलायचा, बँकेला नव्यानं कळवायचं. मला विचाराल तर वाया जाणाऱ्या पत्त्यांपेक्षा हा त्रास मोठा आहे. वाया गेलेला पत्ता कागदावरच दिसतो. बदललेला पत्ता ग्राहकाला चार दिवस छळतो.

सगळ्यांना मिळून एकच ६४चा गठ्ठा दिला तर? चाळीस अधिक तीन, त्रेचाळीस. आरामात मावतात, वर एकवीस शिल्लक. पण मग सगळे एका व्हीलॅनमध्ये, म्हणजे पुन्हा भिंती नसलेला वाडा. संकुलात हीच व्यवस्था होती, आणि कापडवाल्याचं प्रकरण त्यातूनच घडलं. शेजारच्या कुठल्या तरी गाळ्यातल्या यंत्रावर रात्री त्याचा पत्ता हातानं टाकला गेला. दुकान बंद असल्यामुळे खऱ्या मालकाकडून ‘हा माझा’ असं उत्तर येण्याचा प्रश्नच नव्हता. दवंडीला उत्तर देणारा तोच मालक, हा १९८२चा नियम. नोंदींमध्ये एक अनोळखी मॅक सापडला, पण तो कुठल्या पोर्टवर होता हे सांगायला काही उरलं नव्हतं, कारण स्विच ही शिकलेली माहिती साधारणपणे पाच मिनिटं वापर नसला की विसरतो. दुकानदार सुटला तो संकुलाच्या जिन्यातल्या कॅमेऱ्यामुळे. त्यात नऊ वाजता पडलेलं शटर सकाळपर्यंत बंद दिसत होतं. यंत्रणेनं त्याला अडकवलं आणि योगायोगानं सोडवलं. पुरवठादाराला हे पुरेसं वाटलं. मला वाटलं नाही.

पत्त्यांची उधळ नको आणि भिंती हव्यात, या पेचावर फेब्रुवारी २००१ मध्ये डॅनी मॅकफर्सन आणि बॅरी डाइक्स यांनी एक टिपण प्रसिद्ध केलं. इंटरनेटचे नियम ज्या क्रमानं लागलेल्या टिपणांत लिहिले जातात त्या मालिकेतलं हे ३०६९वं. मालिकेचं नाव मला नेहमी आवडतं. त्याचा अर्थ ‘मतं कळवावीत ही विनंती’ असा आहे, आणि १९६९पासून जगाचा कारभार या विनंत्यांवर चालला आहे. टिपणातली युक्ती थोडक्यात अशी की भिंत आणि पत्ता यांची गाठ सोडवायची. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र लहान व्हीलॅन द्यायचा, तो सब-व्हीलॅन. त्याला पोर्ट असतात, पण स्वतःचं दार नसतं. या सगळ्यांवर एक सुपर-व्हीलॅन नेमायचा. त्याला एकही पोर्ट नसतो, फक्त दार असतं, म्हणजे गेटवेचा पत्ता. सगळे ग्राहक एकाच गठ्ठ्यातले पत्ते आणि एकच गेटवे वापरतात, पण एकाची दवंडी दुसऱ्याच्या खोलीत जात नाही.

प्रत्यक्ष मांडणी सांगतो. प्रत्येक कंपनीच्या यंत्रात आज्ञांचे शब्द वेगळे असतात, क्रम मात्र सारखाच. पत्त्यांसाठी २०३.०.११३.६४ पासून २०३.०.११३.१२७ पर्यंतचा चौसष्टांचा तुकडा धरू. (२०३.०.११३ने सुरू होणारे पत्ते लेखांत आणि पुस्तकांत उदाहरणं देण्यासाठी जगभर राखून ठेवलेले आहेत, कुणाच्या घरी जाऊन धडकणार नाहीत.) आधी सब-व्हीलॅन तयार करायचे, ११पासून ३४पर्यंत, चोवीस जोडण्यांचे चोवीस. प्रत्येक मजल्यावर एक साधा स्विच असतो. त्याचा एकेक पोर्ट एकेका सब-व्हीलॅनला बांधायचा. मजल्यावरचा स्विच तळमजल्यावरच्या मुख्य स्विचला एकाच तारेनं जोडलेला असतो, तिला ट्रंक म्हणतात. या तारेवरून निरोप जातात ते सब-व्हीलॅनची चिठ्ठी लावून. मग मुख्य स्विचवर व्हीलॅन १०० तयार करायचा, तो सुपर आहे असं जाहीर करायचं आणि ११ ते ३४ त्याच्या पोटात टाकायचे. शेवटी व्हीलॅन १००ला दाराचा पत्ता द्यायचा, २०३.०.११३.६५. ग्राहकांना ६६पासून १२६पर्यंत एकसष्ट पत्ते मोकळे राहतात. पाच पत्तेवाल्यानं सहावा मागितला तर मोकळ्यांपैकी कुठलाही द्यायचा. सलग असायची गरज नाही, आधीचे पाच बदलायचीही नाही.

शिकाऊ मुलं इथे ठरावीक ठिकाणी अडखळतात. १०० क्रमांक ट्रंकवरून सोडायचा प्रयत्न करतात आणि यंत्र नकार देतं, किंवा एखादा पोर्ट आधीच १००मध्ये असतो आणि यंत्र त्याला सुपर करायला तयार होत नाही. यंत्राचं बरोबरच असतं. सुपर-व्हीलॅन तारेवरून कधीच प्रवास करत नाही. तो मुख्य स्विचच्या डोक्यातला हिशेब आहे. सब-व्हीलॅनला वेगळा गेटवे द्यायला गेलात तरी असाच नकार मिळेल.

आता शेजारधर्म. अकराव्या सब-व्हीलॅनमधल्या ७० क्रमांकाला बाराव्यातल्या ८० क्रमांकाशी बोलायचं आहे. दोघांचा गठ्ठा एकच, म्हणून ७०ला वाटतं की ८० आपल्याच खोलीत आहे. तो दारापर्यंत जात नाही, जागेवरूनच दवंडी पिटतो. भिंतीमुळे ती ८०ला ऐकू जात नाही, उत्तर येत नाही, आणि बोलणं खुंटतं. परिणाम गमतीदार आहे. गाळा नंबर ८चा हिशेबाचा सर्व्हर अमेरिकेतून उघडतो, पुण्यातून उघडतो, पण भिंतीपलीकडच्या गाळा नंबर ७मधून उघडत नाही. असा फोन रात्री आला की ग्राहकाला हे समजावताना घाम फुटतो.

यावर उपाय प्रॉक्सी एआरपी, म्हणजे ओट्यावरच्या त्या बाई. ही कल्पना १९८७च्या एका टिपणातली आहे. ७०ची दवंडी मुख्य स्विच ऐकतो, ८० दुसऱ्या खोलीत आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि तो ८०च्या वतीनं स्वतःचा मॅक पत्ता देतो. ७० निरोप स्विचच्या हाती सोपवतो, स्विच तो ८०ला पोचवतो. दोघांना वाटतं आपण थेट बोललो. अनेक यंत्रांत ही सोय सुरुवातीला बंद असते आणि सुपर-व्हीलॅनवर आठवणीनं चालू करावी लागते. ती बंदच ठेवावी असं म्हणणारे तंत्रज्ञ आहेत. शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं कारणच काय, असा त्यांचा सवाल. मला ते पटत नाही. चालू ठेवावी आणि स्विचवर नियम घालावा की शेजाऱ्याला शेजाऱ्याचं तेवढंच दिसेल, जेवढं बाहेरच्या जगाला दिसतं. सगळे निरोप आता स्विचच्या हातून जातात, म्हणून असा नियम घालता येतो. सर्व्हरचं दार उघडं राहतं, उघड्या फोल्डरचं बंद होतं.

एवढं करूनही कापडवाल्याचा प्रश्न सुटत नाही, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुपर-व्हीलॅनमध्ये गठ्ठा सामायिक असल्यामुळे अकराव्या खोलीतल्या माणसानं बाराव्याचा पत्ता स्वतःच्या यंत्रावर टाकला तर नुसती भिंत त्याला अडवत नाही. उलट, प्रत्येकाला वेगळा तुकडा दिला असता तर ही चोरी आपोआप थांबली असती. म्हणजे पत्ते वाचवताना आपण एक कुलूप काढलं आहे, ते दुसऱ्या जागी बसवलं पाहिजे. हा धोका मूळ टिपणातच सांगितलेला आहे. बाराव्या सब-व्हीलॅनमध्ये फक्त ८०, ८१ आणि ९३ हेच पत्ते चालतील, असं मुख्य स्विचला किंवा मजल्यावरच्या स्विचला लिहून द्यायचं. दुसऱ्या पत्त्याचा निरोप आला तर टाकून द्यायचा आणि नोंद ठेवायची. मग ‘हा पत्ता कुणाचा’ या प्रश्नाचं उत्तर वहीवर अवलंबून राहत नाही. या गाळ्यातल्या या पोर्टखेरीज तो पत्ता दुसरीकडून वापरताच येत नव्हता, असं छातीठोकपणे सांगता येतं. एप्रिल २०२२मध्ये सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेनं १८० दिवसांच्या नोंदी ठेवण्याचं बंधन घातलं. पण चुकीची नोंद १८० दिवस जपून ठेवली म्हणून ती बरोबर होत नाही.

हे कुलूप लावायला चोवीस जोडण्यांना एक दुपार लागते. तरी बरेच जण ते लावत नाहीत. इंटरनेट चालू झालं की काम संपलं असं धरलं जातं, आणि न लावलेलं कुलूप कुणाला दिसत नाही.

या व्यवस्थेची किंमतही सांगायला हवी. बाहेरून ८०साठी निरोप आला आणि ८० कुठल्या खोलीत आहे हे स्विचला आठवत नसेल, तर त्याला प्रत्येक सब-व्हीलॅनमध्ये वेगळी दवंडी पिटावी लागते. चोवीस खोल्या, चोवीस दवंड्या. इंटरनेटवर अहोरात्र कुणी ना कुणी सगळ्या जगाचे पत्ते ठोठावत फिरत असतं. आपले एकवीस पत्ते रिकामे असतील तर ठोठावण्याच्या एका फेरीत एकवीस गुणिले चोवीस, ५०४ दवंड्या, आणि रिकाम्या पत्त्यावरून उत्तर येणारच नसल्यानं पुढच्या फेरीला पुन्हा तेवढ्याच. चोवीस खोल्यांत हे पचतं. पाचशे खोल्यांचा एकच सुपर-व्हीलॅन केला तर स्विचचा मेंदू दवंड्या पिटण्यातच दमतो. आमच्या धंद्यात याला पूरच म्हणतात. गोदेला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला पाणी लागलं यावरून अंदाज घेतात. आमचा मारुती म्हणजे स्विचच्या प्रोसेसरवरच्या भाराचा आकडा. पत्ते खोल्यांना आधीच बांधून दिलेले असतील, तर काही यंत्रं दवंडी फक्त त्याच खोलीत पिटतात आणि रिकाम्या पत्त्याला दारातूनच परत पाठवतात. म्हणजे चोरी अडवणारं कुलूप पूरही अडवतं. दोन्ही कारणांसाठी ते लावावं, आणि एका सुपर-व्हीलॅनमध्ये एका इमारतीपेक्षा जास्त कोंबू नये, हा माझा नियम. तो पुस्तकात नाही.

नावांचा एक घोळही निस्तरतो. ‘ॲग्रिगेशन’ हा शब्द दोन-चार तारा एकत्र बांधून एक जाड तार केल्यासारखं वापरण्यालाही लावतात. तो वेगळा विषय. एका चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवून ४,०९४ची मर्यादा ओलांडतात, तोही वेगळा. अख्ख्या शहरातल्या प्रत्येक घराला स्वतंत्र खोली द्यायची झाली तर तो लागतो. सिस्को कंपनीची ‘प्रायव्हेट व्हीलॅन’ ही सुपर-व्हीलॅनची चुलत बहीण म्हणता येईल. उद्देश जवळचा, मांडणी निराळी. दुकानदाराला यातलं काही माहीत असायची गरज नाही. त्यानं पुरवठादाराला एवढंच विचारावं की माझा पत्ता माझ्या पोर्टला बांधलाय का?

हा सगळा खटाटोप पत्ते अपुरे असल्यामुळे आहे. १२८ बिटांचे नवे पत्ते, ज्यांना सहावी आवृत्ती म्हणतात, अपुरे पडण्याचा प्रश्न नाही. तिथे प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र व्हीलॅन आणि स्वतंत्र तुकडा देता येतो, आणि त्या एका तुकड्यात आजच्या संपूर्ण इंटरनेटच्या पत्त्यांच्या ४२९ कोटी पट पत्ते असतात. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर मोबाइलवर आपल्याकडे ही आवृत्ती झपाट्यानं पसरली. भारत तिच्या वापरात जगात आघाडीवर आहे. हातातला फोन बहुधा तिच्यावरच चालतो. संकुलात मात्र गाडं अडतं ते जुन्या यंत्रांपाशी. दहा वर्षांपूर्वीची कॅमेऱ्यांची पेटी, हजेरीसाठी अंगठा लावायचं यंत्र, कधी काळी कुणी लिहून दिलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर यांना नवी भाषा येत नाही, आणि मालकाच्या दृष्टीनं ती व्यवस्थित चालू असतात. म्हणून त्या संकुलात आता दोन्ही आहेत. नव्या पत्त्यांसाठी चोवीस स्वतंत्र दारं, आणि जुन्या पत्त्यांसाठी व्हीलॅन १००, पोटात चोवीस सब-व्हीलॅन घेऊन, प्रत्येक पत्ता आपापल्या पोर्टला बांधलेला. कापडवाल्याचा पोर्ट पहिल्या मजल्यावरच्या स्विचवर सातवा आहे. रात्री नऊनंतर त्याचा दिवा विझतो, आणि तो विझलेला असताना त्या पत्त्यावरून आता एकही निरोप बाहेर जाऊ शकत नाही.